उसना जन्म

मुलांसाठी निघणाऱ्या एका छोट्या मासिकाने गेल्या वर्षी मला एका जुन्या अमेरिकन पुस्तकातली तीन प्रकरणं मराठीत करून मागितली. विल जेम्सचं ‘स्मोकी द काउहॉर्स’ हे ते पुस्तक. १९२६ साली ते निघालं आणि पुढच्याच वर्षी त्याला न्यूबेरी पदक मिळालं. रँचवर जन्मलेल्या एका घोड्याची ही गोष्ट. चित्रं लेखकाने स्वतः काढलेली. अनुवाद वेळेत झाला, पण शेवटच्या चौकटीपाशी मी अडले. लेखकाचा परिचय, चाळीस शब्दांत. मासिकाच्या रिवाजाप्रमाणे चौकटीतला पहिला शब्द ‘जन्म’. त्यापुढे काय लिहायचं, याचा निर्णय मला तीन आठवडे घेता आला नाही.

या लेखकाला दोन जन्म आहेत. एक त्याने स्वतः सांगितलेला. १९३० साली ‘लोन काउबॉय’ या नावाने त्याचं आत्मचरित्र निघालं आणि खूप खपलं. त्यात तो सांगतो की आपण माँटानाच्या कुरणांमध्ये, आईबाप प्रवासात असताना जन्मलो. आई लवकर गेली. चार वर्षांचे असताना बाप एका उधळलेल्या बैलाच्या शिंगांना बळी पडला. पुढे बोपी नावाच्या एका फ्रेंच-कॅनेडियन फासेपारध्याने आपल्याला वाढवलं आणि एके दिवशी तोही नदीवर गेला तो परत आलाच नाही. शाळा नाही, घर नाही. जुन्या मासिकांची पानं बघत अक्षरं शिकलो आणि कोळशाच्या तुकड्याने घोडे काढत मोठे झालो.

दुसरा जन्म कागदोपत्री आहे. ६ जून १८९२, सें-नाझेर-दाक्तों, कॅनडातलं क्वेबेक. नाव जोसेफ अर्नेस्ट नेफ्ताली द्यूफो. घरची भाषा फ्रेंच. आईबाप जिवंत, भावंडं बरीच. बापाला कुठल्याही बैलाने मारलं नाही. पंधरा वर्षांचा असताना, १९०७ साली, हा मुलगा काउबॉय व्हायचं म्हणून कॅनडाच्या पश्चिमेला गेला. काही वर्षांनी सीमा ओलांडून अमेरिकेत आला आणि विल जेम्स झाला. ३ सप्टेंबर १९४२ रोजी हॉलिवूडमध्ये दारूने पोखरलेल्या अवस्थेत तो वारला, तेव्हा त्याचे लाखो वाचक त्याला माँटानाचा अनाथ पोर म्हणूनच ओळखत होते. अँथनी अमराल या चरित्रकाराने १९६७ साली खरी हकीकत पुस्तकरूपाने मांडली. तोवर ती घरच्यांपाशीच होती.

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जन्मतारीख आणि जन्मगाव कागदावर आहे, तेच लिहावं आणि मोकळं व्हावं, असं कुणीही म्हणेल. पण आठवण ठेवणं म्हणजे नोंदवहीतली नोंद उतरवून घेणं नव्हे. जो माणूस आयुष्यभर एका नावाने जगला आणि ज्याने ते दुसरं नाव कुणाला कळू नये म्हणून धडपड केली, त्याची आठवण करताना त्याने टाकून दिलेला जन्म त्याच्या अंगावर पुन्हा चढवण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो? उलट, त्याने सांगितलं तेच आपणही सांगत राहिलो, तर आपण नेमकं कुणाशी इमान राखतो?

आधी त्याच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हणते, कारण ते पुष्कळ आहे.

विल जेम्स खोटा काउबॉय नव्हता. पंधराव्या वर्षापासून पुढची दहा-बारा वर्षं त्याने हेच काम केलं. सस्कॅचवनच्या थंडीत गुरं राखली, माँटाना-नेव्हाडात रानटी घोड्यांवर खोगीर चढवलं. जो घोडा माणसाला पाठीवर बसू देत नाही त्याला बसू द्यायला शिकवणारा म्हणजे चाबुकस्वार. आपल्याकडे तबेले गेले आणि हा शब्दही गेला. विल जेम्सच्या धंद्याला मात्र तो नेमका बसतो. १९१४ साली गुरं चोरल्याबद्दल तो नेव्हाडात पकडला गेला आणि कार्सन सिटीच्या तुरुंगात शिक्षा भोगून १९१६ साली सुटला. आत असताना तो चित्रं काढत होता. सुटल्यावर पुन्हा घोडे. मग काही काळ लष्कर. १९१९च्या सुमारास रिनोमध्ये एका घोड्याने त्याला फेकलं, डोक्याला जबर मार बसला आणि हा धंदा आता अंगाला झेपणार नाही हे त्याला कळलं. तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला, काही दिवस कलाशाळेत बसला आणि १९२० साली ‘सनसेट’ मासिकाने त्याची रेखाटनं घेतली. चित्रं थोडीफार विकली जाऊ लागली. चित्रांसोबत मजकूरही लिहून बघ, या आग्रहातून एक लेख झाला, तो १९२३ साली ‘स्क्रिब्नर्स’ मासिकात छापून आला आणि वर्षभरात पहिलं पुस्तक निघालं.

त्याची रेखाटनं पाहिली की या माणसाने काय पाहिलं होतं ते कळतं. घोडा पाठीची कमान करून चारही पाय जमिनीवरून उचलतो, मान दोन पायांमध्ये घालतो, आणि स्वार त्या क्षणी खोगिरापासून सुटून वितभर वर असतो. तो क्षण डोळ्यांनी धरून ठेवता येत नाही. तो मांड्यांनी आणि पाठीच्या कण्याने लक्षात ठेवावा लागतो. जेम्स समोर घोडा उभा करून काढत नसे, आठवणीतून काढत असे. माँटानातल्या बिलिंग्ज इथल्या यलोस्टोन आर्ट म्युझियममध्ये त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. त्याची छायाचित्रं पाहताना मला घोड्याचं वजन जाणवलं. मी आयुष्यात घोड्यावर एकदाच बसले आहे, माथेरानला, तेही दुसऱ्याने लगाम धरलेला असताना. तरी जाणवलं.

मग तो खोटं काय बोलला? हा प्रश्न मी जितका उलटून पाहिला तितका तो विचित्र दिसू लागला. सहसा माणूस खोटं बोलतो ते जे आपल्याला येत नाही ते येतं म्हणून, किंवा जे केलं नाही ते केलं म्हणून. जेम्सला सगळं येत होतं, सगळं त्याने केलं होतं. त्याने जे घाम गाळून कमावलं होतं, ते आपल्याला जन्माने मिळालं असं तो सांगत राहिला. कमाई लपवून त्याने वारसा दाखवला. अप्रामाणिकपणाचा हा प्रकार उलटा आहे आणि त्यात स्वतःवरच अन्याय आहे. क्वेबेकच्या एका फ्रेंच बोलणाऱ्या घरातला मुलगा, ज्याला ना ती भाषा येत होती ना घोडा, तो पंधराव्या वर्षी निघतो आणि पस्तिशीच्या आत पश्चिमेकडच्या घोड्यांचा मातब्बर चित्रकार होतो. ही गोष्ट अनाथ पोराच्या गोष्टीपेक्षा मोठी आहे. पण ती त्याने कुणालाही सांगितली नाही.

तुरुंगवास झाकण्यासाठी त्याने नाव बदललं, असं म्हणायलाही जागा नाही. तुरुंगात तो गेला तोच जेम्स या नावाने. म्हणजे नाव आधीचं, आणि कारणही आधीचं. कारण बहुधा हे असावं: नुसतं येणं पुरत नाही, त्या मातीतलंच असावं लागतं, असं त्याला वाटलं. आणि असं वाटायला लावणारे लोक होते. एकोणीसशे वीसच्या दशकात कुरणांना कधीच कुंपणं पडली होती, मोटारी आल्या होत्या, आणि पूर्वेकडच्या शहरांतल्या वाचकांना नाहीशा होत चाललेल्या काउबॉयकडून, अगदी अस्सल काउबॉयकडून, ऐकायचं होतं. अस्सल म्हणजे जन्मजात. शिकलेला चालणार नव्हता. या खोट्याचे जेवढे पैसे जेम्सला मिळाले तेवढेच ते वाचकांनी आपल्या हाताने मोजून दिले होते.

इथे भाषेची गोष्ट येते, आणि अनुवादक म्हणून माझं खरं अडणं तिथे आहे. जेम्सचं इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातलं नाही. क्रियापदं वाकडी, शब्द रँचवरचे, वाक्य बोलण्याच्या लयीत वाहणारं. स्क्रिब्नर्सचे प्रसिद्ध संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांनी ते तसंच राहू दिलं, कारण त्यांना त्यात एका माणसाचा आवाज ऐकू आला. त्या आवाजाला ‘नैसर्गिक’ म्हणून दाद मिळाली. पण ज्याच्या घरात फ्रेंच होती त्या मुलाने तो आवाज कानांनी उचलला होता, गुरांमागे फिरताना, शेकोटीभोवती, तुरुंगात. त्यातलं नैसर्गिक असं काही नव्हतं. होती ती तयारी. आणि जीभ कुठे अडखळली, उच्चारात फ्रेंच वळण डोकावलं, तर त्याचं उत्तरही त्याने आत्मचरित्रात करून ठेवलं होतं: मला वाढवलं ते बोपीने, आणि तो फ्रेंच होता ना! स्वतःची मातृभाषा त्याने अशी एका काल्पनिक फासेपारध्याच्या नावावर करून टाकली.

हे वाचून मी पुस्तक मिटलं. कारण मीही एकदा असंच केलं आहे.

मी नागपूरची. माझं आजोळ काटोलचं, आजी संत्र्याच्या बागांमध्ये तोडणीला जायची. एम.ए.ला मी घरापासून दूर, पश्चिमेकडच्या एका शहरात गेले. पहिल्याच महिन्यात वर्गात एका पुस्तकाबद्दल बोलताना ‘मी ते अजून वाचून राहिले’ असं म्हणाले आणि बाकांवर हसू फुटलं. शिकवणारेही हसले, मायेनेच हसले, आणि भाषा जरा ‘घासून’ घ्यायला सांगितलं. मी घासली. दोन वर्षं रोज रात्री मोठमोठ्याने वाचून घासली. मोल्सवर्थ चाळला, दाते-कर्व्यांच्या शब्दकोशाचे खंड ग्रंथालयात बसून पालथे घातले. त्या काळात मला जेवढी मराठी आली तेवढी त्याआधी आणि त्यानंतर कधी आली नाही. मग एका कार्यशाळेत एक ज्येष्ठ अनुवादक म्हणाले, ‘‘तुमची भाषा फार छान आहे हो. विदर्भातली वाटत नाही.’’ मी म्हणाले, ‘‘आजोळ पुण्याचं आहे ना.’’

कुणी विचारलं नव्हतं. वाक्य आपसूक आलं. पुढे कधीतरी माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी एका वक्त्यांनी सभागृहात माझी ओळख करून देताना ‘पुण्याच्या आजोळातून लाभलेला भाषेचा वारसा’ असे शब्द वापरले. मी पहिल्या रांगेत बसून ते ऐकले आणि खाली पाहिलं. आजी तेव्हा जिवंत होती. काटोलला, अंगणातल्या बाजेवर. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे माझं पुस्तक तिने उलटं धरून, वास घेऊन पाहिलं होतं. दोन वर्षांनी ती गेली.

ही लबाडी लहान होती. तिने कुणाचे पैसे बुडाले नाहीत. पण ती आठवली की मला अजून लाज वाटते ती खोटं बोलल्याची नव्हे. माझ्या एका वाक्यात एक जिवंत म्हातारी नाहीशी झाली, याची. आणि सोबत ग्रंथालयातली ती दोन वर्षंही गेली, कारण वारसा असेल तर मेहनतीची गरज काय?

इथे एक आक्षेप येईल, आणि तो यायलाच हवा. जन्म लपवणं नेहमीच दोष कसा? आपल्याच भाषेत बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ सालच्या संग्रहातली त्याच नावाची कथा आहे. रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत गेलेल्या दलित तरुणाला राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवावी लागते आणि ती उघड झाल्यावर मार खावा लागतो. शीर्षकातलं ‘चोरली’ हे क्रियापद त्या तरुणाचा गुन्हा सांगत नाही, विचारणाऱ्यांचा सांगतं. ज्या जगात जन्म सांगितला की दार बंद होतं, तिथे तो न सांगणं ही अप्रामाणिकता म्हणायची असेल, तर आधी दारं बंद करणाऱ्यांना काय म्हणायचं ते ठरवावं लागेल.

मी हा आक्षेप पूर्ण मान्य करते, आणि म्हणूनच जेम्सची बाब वेगळी काढते. बागुलांच्या माणसाला जगायला जागा हवी होती. जेम्सला जागा होती, त्याला तिच्यावर शोभा हवी होती. पहिला जन्माचा निकष चुकवून पळतो. दुसरा तोच निकष उचलून धरतो आणि त्यावर आपलं नाव खोडून पुन्हा लिहितो. जन्म महत्त्वाचा आहे, फक्त माझा जन्म तुम्ही समजता तिथला नाही, असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा ज्याचा जन्म खरोखरच ‘चुकीच्या’ ठिकाणी झालेला आहे त्याच्या मानेवरचं जू आणखी घट्ट होतं.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. ‘स्मोकी’तच त्याचा पुरावा आहे. घोडा चोरून नेणारा, त्याला बेदम मारणारा खलपुरुष जेम्सने मिश्र रक्ताचा दाखवला आहे, आणि त्याचं वर्णन करताना त्या माणसाच्या कृत्यांइतकाच भर त्याच्या रक्तावर दिला आहे. मला दिलेल्या तीन प्रकरणांपैकी एकात तो येतो. त्याच्यासाठीच्या इंग्रजी शब्दाला मराठीत नेमका शब्द आहे, ‘वर्णसंकर’, आणि तो लिहिताना माझा हात थांबला. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला ज्याची भीती वाटते तो हा शब्द. शतकानुशतकं त्याने किती माणसांना दाराबाहेर ठेवलं हे सांगायला नको. मी तो वापरला नाही. ‘मिश्र रक्ताचा’ असं साधं लिहिलं. पण ते वर्णन सौम्य केलं नाही, गाळलंही नाही. मुलांच्या मासिकात ते कसं द्यायचं यावर संपादकांशी बोलणं झालं आणि आम्ही खाली एक टीप दिली. ते गाळलं असतं तर मी जेम्सला आणखी एक खोटा जन्म दिला असता, स्वच्छ लेखकाचा.

एक गोष्ट मात्र मला तेव्हापासून सोडत नाही. गुरं चोरल्याबद्दल शिक्षा भोगलेला माणूस घोडेचोराची गोष्ट लिहितो. स्वतःचं कूळ लपवलेला माणूस चोराचा दोष त्याच्या कुळात शोधतो. स्वतःबद्दल जे उघड सांगता येत नव्हतं ते सगळं त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर टाकून त्याला मारायला घेतलं होतं का? माणूस असं करतो. मीही वर्गात नंतर एका गडचिरोलीच्या मुलीच्या बोलण्याला सगळ्यांबरोबर हसले होते.

आणि तरीही याच पुस्तकात, एका प्राण्याच्या आडोशाने, त्याने खरं सांगून ठेवलं आहे असं मला वाटतं. त्या घोड्याला तीन नावं मिळतात. क्लिंट नावाचा काउबॉय त्याला शिकवतो, तेव्हा तो स्मोकी असतो. चोरीनंतर माणसांवर धावून जाणारा तोच घोडा रोडिओच्या रिंगणात ‘कूगर’ नावाने गाजतो, लोक तिकीट काढून त्याला बघायला येतात. तिथे शरीर संपल्यावर तो भाड्याचा घोडा होतो, तेव्हा त्याचं नाव असतं ‘क्लाउडी’. शेवटी हाडं वर आलेल्या, गाडीला जुंपलेल्या त्या घोड्याला क्लिंट रस्त्यात ओळखतो. त्याला कुरणावर परत नेतो. घोड्याला आपलं पहिलं नाव परत मिळतं, पण लगेच नाही. क्लिंटला बरेच महिने वाट पाहावी लागते.

तिकीट काढून बघायला येणारे लोक, गाजलेलं उसनं नाव, आणि सगळं झाल्यावर कुणीतरी जुन्या नावाने हाक मारावी ही इच्छा: आत्मचरित्रात न लिहिलेलं आत्मचरित्र हेच असावं. फरक एवढाच की घोड्याला क्लिंट भेटला. जेम्सला ज्या नावाने घरी हाक मारत ते नाव उच्चारू शकणारी माणसं क्वेबेकमध्ये होती आणि तोंड मिटून होती. त्याच्याच विनंतीवरून. त्यांनी ते गुपित त्याच्या हयातीत पाळलं, यात मला प्रेम दिसतं, आणि ते प्रेम त्याच्या उपयोगी पडलं नाही असंही दिसतं.

तर मग त्या चौकटीत काय? तीन आठवड्यांनी मला एक भेद सापडला, तो इथे मांडते. नाव आणि जन्म या दोन गोष्टी आपण एकत्र बोलतो, पण त्या एका मालकीच्या नाहीत. नाव माणसाचं स्वतःचं असतं. ते बदलायचा, टाकायचा, नवं घ्यायचा त्याला अधिकार आहे. पुढे आपण कोण होणार याचं ते वचन असतं. विल जेम्स हे वचन त्या माणसाने पाळलं, चित्रं काढून पाळलं, म्हणून तेच त्याचं नाव. त्याला द्यूफो म्हणून हाक मारायचा हक्क मला नाही. जन्म मात्र एकट्याचा नसतो. त्यात एक बाई असते जिला कळा आलेल्या असतात, एक बाप असतो, भावंडं असतात, आणि कानावर पहिल्यांदा पडलेली भाषा असते. आपला जन्म आपण न सांगणं हे आपल्या हातात आहे. त्याबद्दल गप्प बसायचा अधिकार सगळ्यांना आहे, काहींना तर तो जगण्यासाठी लागतो. पण त्या जागी दुसरा जन्म रचून सांगितला की त्या खऱ्या माणसांना आपण मारतो. जेम्सने पुस्तकात बापाला बैलाच्या शिंगांवर दिलं. मी आजीला पुण्याच्या कुठल्याशा वाड्यात हरवलं.

म्हणून आठवण ठेवणाऱ्याचं काम मला आता असं दिसतं: माणसाने कमावलेलं त्याच्याकडे ठेवायचं आणि त्याने पुसलेल्यांना त्यांची जागा परत द्यायची. यातलं एक केलं आणि दुसरं सोडलं तर आठवण अर्धी राहते. नुसतं उघडं पाडणं सोपं आहे. बनावट काउबॉय म्हटलं की घोडेही बनावट ठरतात, आणि ते तर खरे आहेत. नुसतं भारावून जाणंही सोपंच.

मी चौकटीत लिहिलं: ‘विल जेम्स. जन्म ६ जून १८९२, सें-नाझेर-दाक्तों, क्वेबेक, एका फ्रेंच भाषिक कुटुंबात. घरी त्याला अर्नेस्ट द्यूफो म्हणत. इंग्रजी आणि घोडे तो घर सोडल्यावर शिकला. आपण माँटानात जन्मलो असं तो सांगत असे. मृत्यू १९४२.’ शब्द चाळीसच्या आत बसले. संपादकांनी काही कापलं नाही.

त्या खाली अनुवादकासाठी एक ओळ होती. तिथे मी ‘आजोळ काटोल’ असं लिहिलं. संपादकांनी फोन करून विचारलं, हे कशाला? मी म्हणाले, राहू द्या.

अंक आला तेव्हा मी हैदराबादेतून काटोलला मावशीला फोन लावला. आजीच्या घरात आता तीच असते. तिला शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं, क्लिंट घोड्याला ओळखतो ते. मावशीने मध्ये एकदाही बोलू दिलं नाही, म्हणजे स्वतःही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, ‘‘म्हणजे त्या घोड्याले त्याचं नाव भेटलं म्हण ना.’’

‘‘भेटलं,’’ मी म्हणाले. वीस वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडून त्या अर्थाने निघाला असेल.

‘‘अन् ज्यानं लिहिलं त्याले?’’

मी म्हणाले, त्याचंच करून राहिले.